तळघरातला आकडा

घर विकत घेण्याआधीच्या होम इन्स्पेक्शनच्या अर्जावर चौकटींची रांग असते. वाळवी, विहिरीचं पाणी, सेप्टिक, जमिनीत पुरलेली जुनी तेलाची टाकी, रेडॉन. जी तपासणी हवी तिच्यापुढे खूण करायची, तिचे पैसे वेगळे. आम्ही बघितलेलं घर १९६२ सालचं, न्यू जर्सीच्या हंटरडन काउंटीत, एडिसनपासून पश्चिमेला पाऊण तासावर. एडिसनच्या भावात इकडे अंगण मोठं मिळतं, एवढ्याच हिशेबाने आम्ही इकडे सरकत होतो. घराच्या एजंट, म्हणजे रिअल्टर, बाईंनी बाकी प्रत्येक चौकटीवर आमच्याशी चर्चा केली. रेडॉनपुढे मात्र न विचारता खूण करून टाकली. "इकडे ही कुणी टाळत नाही," एवढंच म्हणाल्या.

कारण जमीन. पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंगपासून उत्तर न्यू जर्सी ओलांडून न्यूयॉर्ककडे जाणारा जुन्या खडकांचा एक पट्टा आहे, त्याला रेडिंग प्रॉंग म्हणतात. त्या खडकांत ठिकठिकाणी युरेनियम नेहमीपेक्षा जास्त आहे. युरेनियम झिजत झिजत रेडियम होतं, रेडियमचा रेडॉन होतो, आणि तो वायू असल्यामुळे मातीतल्या फटींतून वर सरकतो. उघड्यावर निघाला तर वाऱ्यात विरून जातो. घराखाली निघाला तर फरशीच्या भेगांतून, पाइपांच्या भोवतालच्या फटींतून, सम्प पंपाच्या, म्हणजे तळघरात साचणारं पाणी उपसणाऱ्या पंपाच्या, खड्ड्यातून आत येतो आणि साचतो. रंग नाही, वास नाही. खुद्द रेडॉन श्वासाबरोबर आत जातो तसा बराचसा बाहेरही येतो. खरा त्रास त्याच्या पुढच्या पिढीचा, पोलोनियमचा. ते धुळीच्या कणांना चिकटून फुप्फुसात बसतं आणि तिथेच किरण सोडतं. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, देशात दर वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनच्या खात्यावर मांडते. सिगारेटनंतरचं हे दुसरं कारण, आणि सिगारेट न ओढणाऱ्यांत पहिलं.

युरेनियमच्या खाणींतल्या कामगारांबद्दल हे आधीपासून माहीत होतं. साध्या राहत्या घरातही हा वायू इतका साचू शकतो हे अमेरिकेला नीट कळलं ते १९८४ च्या डिसेंबरात. पेन्सिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रावर स्टॅन्ली वॉट्रस नावाचा इंजिनिअर होता. किरणोत्सर्ग तपासणाऱ्या दारातून तो गेला की घंटा वाजायची. केंद्रातून वीज निघायला अजून सुरुवातही झालेली नव्हती. शोधता शोधता लक्षात आलं की हा माणूस किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नाही, घरून कामावर आणतोय. त्याच्या घरातली रेडॉनची पातळी निघाली लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (हे किरणोत्सर्गाचं माप). ईपीए ज्या पातळीला उपाय करा म्हणते ती आहे ४. पुढे १९८६ मध्ये आमच्याच काउंटीतल्या क्लिंटन गावात एका वसाहतीतल्या घरांत फार मोठे आकडे निघाले आणि ईपीएच्या लोकांनी तिथल्या काही घरांवर उपाय करून बघितले. आज जी पद्धत सर्रास वापरतात तिचे धडे अशाच घरांत गिरवले गेले.

न्यू जर्सीने त्यानंतर गावांची तीन गटांत वाटणी केली. तपासलेल्या घरांपैकी चौथा हिस्सा किंवा जास्त घरांत आकडा ४ किंवा वर असेल, तर ते गाव पहिल्या गटात. आमचं गाव पहिल्या गटातलं. तिथे नवीन घर बांधायचं तर फरशीखाली खडी, तिच्यावर प्लास्टिक आणि तिथून छतापर्यंत नळी, हे सगळं घालूनच बांधावं लागतं. १९६२ साली हे कुणाच्या गावीही नव्हतं.

२०२२ च्या सप्टेंबरात चाचणी झाली. पैसे घेऊन रेडॉन मोजायचा तर इथे राज्याचा परवाना लागतो. आलेल्या माणसाने आधी तो दाखवला, मग यंत्र मांडलं. मांडायचेही नियम आहेत. घरातल्या राहण्याजोग्या सगळ्यांत खालच्या मजल्यावर, जमिनीपासून निदान वीस इंच वर, बाहेरच्या भिंतीपासून फूटभर आत, खिडक्या-दारांपासून तीन फूट लांब. स्वयंपाकघरात नाही, न्हाणीघरात नाही, कपडे धुण्याच्या खोलीत नाही. चाचणीच्या बारा तास आधीपासून संपेपर्यंत सगळ्या खिडक्या बंद. दारं फक्त ये-जा करण्यापुरती उघडायची. घर तापवणारी फर्नेस किंवा एसी नेहमीसारखा चालू, पण बाहेरची हवा आत ओढणारे पंखे बंद. यंत्र निदान ४८ तास बसतं आणि तासातासाची नोंद ठेवतं. शिवाय तापमान, आर्द्रता, हवेचा दाब आणि यंत्र कुणी हलवलं का, हेही टिपतं. सप्टेंबरात इकडे खिडक्या उघड्या ठेवाव्याशा वाटतात. घरात तेव्हा मूळ मालक राहत होते, आणि त्यांनी तसं केलं असतं तर तापमानाच्या रेषेने लगेच चुगली केली असती. केली नाही.

सरासरी आली ३.४.

आमच्या वकिलांच्या ईमेलमध्ये एकच शब्द होता: पास. नवरा खूश. मी मात्र अहवालाच्या दुसऱ्या पानावर अडकले, कारण तिथे तासातासाचा आलेख होता. दुपारी दोन-तीनच्या सुमारास रेषा दीडपर्यंत उतरत होती, पहाटे पाच-सहाला साडेपाचच्या वर चढत होती. दोन्ही दिवस तेच. एका दिवसात जवळजवळ चारपट फरक पडणाऱ्या गोष्टीची सरासरी काढून तिला पास-नापास म्हणायचं, हे मला पटेना. त्यातून सीमारेषाही सगळीकडे एक नाही. जिनिव्हातल्या जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे घनमीटरला १०० बेक्वरेल, म्हणजे इथल्या मापात २.७. तीच हवा अमेरिकेत पास आणि जिनिव्हात नापास. ईपीएही ४ च्या खाली सगळं आलबेल असं म्हणत नाही. २ ते ४ मध्ये असाल तरी उपायाचा विचार करा म्हणते. पण घराच्या करारात विचार कोण करतो? करारात ४ लिहिलेलं होतं, आकडा त्याच्या आत होता, विषय संपला. चाचणी घेणाऱ्याने मात्र निघताना सांगितलं, "हिवाळ्यात पुन्हा मोजा. हा सप्टेंबर आहे."

हिवाळ्यात काय होतं ते समजलं की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं. घरातली हवा गरम, बाहेरची थंड. गरम हवा वर चढते आणि माळ्याच्या फटींतून, दिव्यांच्या भोकांतून निघून जाते. जितकी वरून गेली तितकी कुठून तरी यायला हवी. खिडक्या बंद, दारांना पट्ट्या लावलेल्या. मग ती खालून येते. बेसमेंटमध्ये हवेचा दाब मातीतल्यापेक्षा किंचित कमी होतो आणि घर मातीतली हवा ओढायला लागतं. अंगणातली जमीन गोठलेली असली तर त्या वायूला वर निघायला दुसरी वाटही कमी. पहाटे बाहेर सर्वांत थंड, म्हणून आलेखाचा डोंगर पहाटे. म्हणजे आलेखात दिसतात त्या खरं तर दाबाच्या गोष्टी. रेडॉन त्यांच्या मागून येतो.

जानेवारीत सासूबाई डोंबिवलीहून आल्या. उन्हाळ्यात या म्हणून आम्ही सांगून दमलो होतो, त्यांना बर्फ बघायचा होता. त्याच आठवड्यात मी दुकानातून चाचणीचे डबे आणले, त्यातला कोळसा हवेतला रेडॉन शोषून घेतो. झाकण उघडून ठेवायचे, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ लिहायची, बंद करून त्याच दिवशी प्रयोगशाळेला पोस्ट करायचे. उशीर चालत नाही, कारण रेडॉनचं अर्धआयुष्य ३.८ दिवसांचं, म्हणजे तेवढ्यात तो निम्माच उरतो. पाकीट टपालात आठवडाभर लोळलं तर मोजायचं ते बरंचसं वाटेतच संपतं. एक डबा बेसमेंटमध्ये, एक वर दिवाणखान्यात.

"यात काय पकडायचंय?" सासूबाईंनी विचारलं.

"जमिनीतून एक वायू येतो, आई. त्याला वास नसतो."

"वास नाही, दिसत नाही, तर मग आहे कशावरून?"

"म्हणूनच डबा लावलाय."

"आमच्याकडे बरं आहे मग," त्या म्हणाल्या. "एमआयडीसीकडून वारा आला की नाकालाच कळतं. डबे लावायला लागत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाळीस वर्षं ज्यांनी हवा नाकाने तपासली, त्यांना बिनवासाच्या हवेची काळजी करायला सांगणं अवघडच.

प्रयोगशाळेचं उत्तर आलं: बेसमेंट ७.८, दिवाणखाना ३.७. एकाच चाचणीवर खर्चाला निघू नये म्हणून पुन्हा डबे लावले. तेव्हाही खालचा आकडा सातच्या वरच. घर तेच, फरशी तीच, भेगा त्याच. सप्टेंबरच्या दुप्पट.

आता या आकड्याचं काय करायचं? ईपीएचं कोष्टक सांगतं की आयुष्यभर ४ च्या हवेत राहिलेल्या, सिगारेट न ओढणाऱ्या हजार माणसांत सुमारे ७ जणांना यामुळे फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. ओढणाऱ्या हजारांत सुमारे ६२. यातला "आयुष्यभर" हा शब्द लोक गाळतात. आमच्या बेसमेंटमध्ये तेव्हा रविवारची मराठी शाळा भरायची, वर्णमाला आणि गोष्टींची, आठ-दहा मुलं, दोन तास. पालकांच्या गटावर मी आकडा टाकला तेव्हा एका बाबांनी मुलांची छाती तपासून घ्यावी का असं विचारलं. नाही, अजिबात नाही. आठवड्याला दोन तासांनी काही बिघडत नाही. बिघडायचं असेल तर ते माझ्या नवऱ्याचं, ज्याचं ऑफिस २०२० पासून घरी आहे आणि या घरात ते खाली होतं. रोज नऊ तास, आणि पुढची वीस वर्षं घर विकायचा विचार नाही. उपाय करायचा तो त्याच्यासाठी.

कंत्राटदारांची कोटेशनं मागवली. एकाने घर न बघता फोनवरच किंमत सांगितली, त्याला मी सोडलं. जो आला तो बरोबर ड्रिल आणि मोठा व्हॅक्यूम घेऊन आला. आधी चाचणी, मग किंमत, असं म्हणाला. उपायाचं तत्त्व साधं आहे. घर मातीतली हवा ओढतं, तर आपण फरशीखालून घरापेक्षा जास्त जोराने ओढायची. शहाळ्यात नळी खुपसून पाणी ओढतात तशी. फरशीला भोक, त्यात पीव्हीसीची जाड नळी, नळीवर चोवीस तास चालणारा पंखा, आणि नळीचं तोंड छताच्या वर.

प्रश्न असतो तो फरशीखाली काय आहे याचा. नवीन घरात खडीचा थर असतो, एका भोकातून ओढलं की सगळीकडून हवा येते. जुन्या घरात काँक्रीट थेट मातीवर ओतलेलं. त्याने एका कोपऱ्यात मोठं भोक पाडून व्हॅक्यूम लावला आणि बाकीच्या फरशीत बोटाएवढी भोकं पाडून प्रत्येकावर धुराची कांडी धरली. जवळच्या भोकांत धूर सरळ आत खेचला गेला. मधल्या भिंतीच्या पलीकडे मात्र धूर तिथेच रेंगाळला. ती भिंत घराचा भार पेलते, तिचा पाया फरशीच्या खाली उतरलेला, आणि त्याने खालच्या जमिनीचे दोन भाग केलेले. एका पंख्याला दोन भोकं जोडावी लागतील, असं निदान झालं. ही अर्ध्या तासाची चाचणी न करता जो नुसती नळी बसवून जाईल, त्याच्या नळीने निम्म्या घराखाली काहीच केलं नसतं.

खर्च दीड हजार डॉलरच्या पुढे गेला. त्यात सम्पच्या खड्ड्याला रबरी कड असलेलं झाकण, फरशी आणि भिंत यांच्यामधली फट भरणं, आणि भिंतीच्या पोकळ सिमेंट-ब्लॉकांची वरची तोंडं बंद करणं, हे सगळं आलं. या पोकळ ब्लॉकांचा मला पत्ताच नव्हता. जुन्या बेसमेंटची भिंत बाहेरून भरीव दिसते, पण आतून ती उभ्या बोगद्यांची असते. मातीतली हवा त्यातून थेट वर येते. नुसत्या भेगा बुजवून भागेल का, असं नवऱ्याने विचारलं. नाही भागत. घर हलतं, काँक्रीट आकसतं, नवी भेग पडते. भेगा बुजवायच्या त्या पंख्याची ओढ वाया जाऊ नये म्हणून.

पंखा घराच्या राहत्या भागात बसवत नाहीत, हाही एक मुद्दा. पंख्याच्या पुढच्या नळीत दाब जास्त असतो. तिथला जोड गळला तर जमिनीतून गोळा केलेला सगळा रेडॉन घरातच सुटेल. म्हणून आमचा पंखा बाहेरच्या भिंतीवर, आणि नळीचं तोंड छपराच्या कडेच्या वर, खिडक्यांपासून लांब. आत नळीवर यू आकाराची एक छोटी पारदर्शक नळी असते, तिच्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी वेगळी दिसली की पंखा ओढतोय. लोक या द्रवाकडे बघून निश्चिंत होतात. ते पंख्याबद्दल सांगतं, रेडॉनबद्दल काही सांगत नाही.

सगळं चालू केल्यावर त्याने एक गोष्ट केली जी मला सर्वांत महत्त्वाची वाटली. न्हाणीघरांतले पंखे लावले, कपड्यांचा ड्रायर लावला, दारं-खिडक्या बंद केल्या, आणि गॅसच्या वॉटर हीटरच्या धुराड्याशी पुन्हा ती धुराची कांडी धरली. धूर वर गेला तर ठीक. खाली आला तर घरात ओढ इतकी वाढली आहे की जळलेला वायू, त्यातला कार्बन मोनॉक्साइड, बाहेर जाण्याऐवजी आत येतोय. फरशी नीट बंद नसेल तर रेडॉनचा पंखा घरातली हवाही खाली ओढतो, आणि तो धोका रेडॉनपेक्षा कितीतरी तातडीचा. आमचा धूर क्षणभर डळमळला, मग वर गेला. "ठीक आहे," तो म्हणाला, "पण स्वयंपाकघराची चिमणी कधी बाहेर काढलीत तर मला बोलवा."

पंखा सुरू झाल्यावर चोवीस तास थांबून, महिनाभराच्या आत पुन्हा चाचणी करायची असते, आणि शक्यतो पंखा बसवणाऱ्याकडून नाही, तिसऱ्याकडून. फेब्रुवारीच्या थंडीत झाली, म्हणजे परीक्षा कडकच. बेसमेंट ०.९. बाहेरच्या मोकळ्या हवेतच सरासरी ०.४ असतो, त्यामुळे याहून फार खाली जाण्याची अपेक्षाच नव्हती. वर बेडरूमच्या जवळ मी वर्षभरासाठी एक अल्फा-ट्रॅक डबी टांगली. तिच्यात प्लास्टिकचा तुकडा असतो, रेडॉनमधून निघणारे अल्फा कण त्यावर ओरखडे उठवतात, आणि प्रयोगशाळा ते ओरखडे मोजते. वर्षाची खरी सरासरी हवी तर मार्ग हाच. पण घर विकत घेताना वर्षभर कोण थांबणार, म्हणून सगळा देश ४८ तासांवर चालतो.

स्वयंपाकघराच्या चिमणीची गोष्ट त्याच उन्हाळ्यात निघाली. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडाच्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीवर उतरला. ७ जूनला आकाश भर दुपारी नारिंगी होतं. नवऱ्याने आधीच पीएम २.५, म्हणजे हवेतले अगदी बारीक कण, मोजणारं छोटं यंत्र मागवलेलं होतं, कारण तोपर्यंत त्याला मोजायची चटक लागली होती. खिडक्या बंद, फर्नेसचा पंखा चालू, त्यात जाड फिल्टर. आतला आकडा तीसच्या आसपास ठेवण्यात आम्हाला यश आलं होतं. सासूबाईंनी आमटीला फोडणी दिली. तेल, मोहरी, हिंग, चार सुक्या मिरच्या. दोन मिनिटांत आकडा अडीचशेच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम सांगते, भारताचं मानक ६० आहे. बाहेर वणव्यांचा धूर आणि आत त्याच्याशी चढाओढ करणारी मिरची.

"यंत्र बिघडलंय," सासूबाई म्हणाल्या, आणि खोकल्या.

चिमणी चालू होती. पण या भागातल्या किती तरी जुन्या घरांत गॅसवरची चिमणी बाहेर जातच नाही. ती हवा ओढते, जाळीतून आणि कोळशाच्या फिल्टरमधून घालवते आणि वरच्या पट्टीतून पुन्हा आपल्याच तोंडावर सोडते. तेलाचा थोडा भाग जाळीत अडकतो, बारीक कण आणि गॅसच्या ज्योतीचा नायट्रोजन डायऑक्साइड घरातच फिरतो. ज्यांच्या स्वयंपाकाची कल्पना उकडलेल्या बटाट्यापर्यंत, त्यांच्यासाठी ते पुरत असेल. रोज दोन फोडण्या आणि रविवारी माशांचं तळण असणाऱ्या घराला नाही. फोडणीचा तडतडाट थोडाच वेळ असतो, तेव्हा दिवसाच्या सरासरीत तो बुडून जातो हे खरं. पण कढईपाशी उभं राहणाऱ्याला सरासरीशी काय करायचंय? आमच्या घरात त्या वेळी कढईपाशी सासूबाई होत्या, एरवी मी.

चिमणीची वाहिनी भिंतीतून बाहेर काढून घेतली. आता मागच्या शेगडीवर फोडणी करायची, कारण चिमणी मागच्या बाजूचं जास्त पकडते. तेल तापायच्या आधी चिमणी लावायची आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायची. तेवढ्याने शिखर निम्म्याहून खाली आलं. पण चिमणी जोरात चालली की बेसमेंटचं दार चौकटीत आपोआप ओढलं जातं, हे हाताला कळतं. इतकी हवा बाहेर फेकली तर तितकी घरात कुठून तरी येणारच, आणि जुन्या घराची जुनी सवय खालून घ्यायची. म्हणून कंत्राटदाराला बोलावून धुराड्याची कांडीची चाचणी पुन्हा करून घेतली. आता चिमणी चालू असताना सिंकवरची खिडकी दोन बोटं उघडी ठेवतो. हवा यायचीच तर बागेतून येऊ दे.

हवा तपासून देतो म्हणणारे बाकीचेही भेटले. एकाने बुरशीच्या बीजाणूंसाठी हवेचे नमुने घेण्याचं पॅकेज सांगितलं, बऱ्याच पैशांचं. बेसमेंटच्या एका कोपऱ्यात बुरशी डोळ्यांनी दिसत होती. दिसतेय तर मोजायची कशाला? बीजाणूंच्या आकड्याला सरकारी मर्यादाच नाही, तेव्हा आकडा आला तरी त्याची तुलना कशाशी करणार? ईपीएचंही म्हणणं तेच: दिसणारी बुरशी साफ करा, ओल कुठून येते ते शोधा. आमच्याकडे पन्हाळीचं पाणी भिंतीशी पडत होतं. पाइप लांब केला, डीह्युमिडिफायर लावला, आर्द्रता पन्नासच्या खाली आली.

बेसमेंटच्या गालिच्याखाली नऊ इंची चौकोनी टाइल निघाल्या. त्या काळच्या अशा टाइलांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट, पण धडधाकट टाइल हवेत काही सोडत नाही. त्यामुळे तिथे हवेची तपासणी नव्हतीच करायची. करायचं होतं ते एवढंच की त्या खरवडायच्या नाहीत. फरशीत भोकं पाडण्याआधी कंत्राटदाराने त्याच जागा निवडल्या जिथे टाइल नव्हत्या, तो शहाणपणा त्याचा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घराबरोबर आलाच होता. पण तो ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) तास ते चार तास झाल्यावर वाजण्यासाठी बनवलेला असतो, त्याखाली गप्प बसतो; म्हणून कमी पातळीही पडद्यावर दाखवणारा एक वेगळा घेतला, वॉटर हीटरच्या खोलीबाहेर.

सगळे अहवाल एका फाइलमध्ये आहेत, ७.८ वालाही. इथे रेडॉन तपासणीचे निकाल गोपनीय असतात, पण घर विकायच्या करारावेळी ते घेणाऱ्याला द्यावे लागतात. नवऱ्याचं म्हणणं, फक्त ०.९ पुरे. मी दोन्ही ठेवणार आहे, आणि सप्टेंबरचा आलेखही. घेणाऱ्याला जर वाचता येत असेल तर त्याला पंखा बंद पडल्यावर काय होतं ते कळायला हवं. एकदा वादळात वीज दीड दिवस गेली होती, तेव्हा नवऱ्याच्या बॅटरीवरच्या छोट्या डिजिटल यंत्राने ते दाखवलंच: संध्याकाळपर्यंत ३, दुसऱ्या सकाळी ६ च्या पुढे.

ईपीए दर दोन वर्षांनी पुन्हा मोजायला सांगते, आणि घरात मोठं काम झालं तर लगेच. या वसंतात वरच्या मजल्यावरच्या मूळ खिडक्या बदलायच्या आहेत. साठ वर्षं त्यांच्या फटींतून आलेला वारा बंद होणार, गॅसचं बिल उतरणार, आणि खालची ओढ किती बदलते ते बघावं लागणार. खिडक्यांच्या कंत्राटदाराला याबद्दल विचारलं तर तो म्हणाला, हा प्रश्न आजवर कुणी केला नव्हता. डबे जानेवारीसाठी आणून ठेवले आहेत.